स्पिरुलिनाची गोळी, आईचं बी-१२ आणि शेवाळात खरंच काय असतं

प्रश्न असा आहे: आईचं वय ६१, घर पूर्ण शाकाहारी. तपासणीत बी-१२ खूप कमी आलं, हिमोग्लोबिनही कमी आहे. नात्यातल्या एकांनी स्पिरुलिना या शेवाळाच्या गोळ्या आणून दिल्या. डब्यावर प्रथिनं, लोह, बी-१२, ओमेगा असं सगळंच लिहिलंय. आई म्हणते, इंजेक्शनं नकोत, हेच घेते. शिवाय भाऊ साताऱ्याकडच्या शेतावर स्पिरुलिनाच्या टाक्या बांधायचं म्हणतोय. सूक्ष्मशैवालांत खरोखर आरोग्याला उपयोगी द्रव्यं असतात का, आणि यातलं काय घ्यावं?

ताई, आधी आईंचं सांगतो. बी-१२ साठी स्पिरुलिनावर विसंबू नका. डॉक्टरांनी जी इंजेक्शनं किंवा गोळ्या लिहून दिल्या असतील त्या आजच सुरू करा, बाकीचं सावकाश वाचलंत तरी चालेल. मी गेली बावीस वर्षं शैवाल वाढवतोय, आधी प्रयोगशाळेतल्या चंबूंमध्ये आणि नंतर उघड्या तलावांवर. स्पिरुलिनावर माझा जीव आहे, आणि त्याच्या नावावर कुणाच्या आईचे हातपाय बधिर होऊ नयेत म्हणून हे सगळ्यात आधी लिहितोय. बी-१२ ची कमतरता लांबली की नसांवर परिणाम होतो, आणि तो दर वेळी पूर्ण भरून येतोच असं नाही.

मग डब्यावर बी-१२ लिहिलेलं असतं ते खोटं का? तसं नाही, गोष्ट थोडी गुंतागुंतीची आहे. बी-१२ मोजण्याची जुनी पद्धत जिवाणूंवर आधारलेली होती. एका विशिष्ट लॅक्टोबॅसिलसला नमुना खाऊ घालायचा आणि तो किती वाढतो ते पाहायचं. या जिवाणूला खरं बी-१२ चालतं, तसंच त्याच्यासारखं दिसणारं एक भावंडही चालतं. त्याला छद्म-बी-१२ म्हणतात. माणसाच्या शरीरात या भावंडाचा उपयोग होत नाही. १९९९ साली जपानमध्ये फुमिओ वातानाबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्पिरुलिनाच्या गोळ्यांमधले हे रेणू वेगळे करून पाहिले, तेव्हा ८० टक्क्यांहून जास्त भाग छद्म-बी-१२ चा निघाला. त्याआधी, १९९१ मध्ये, नेदरलँड्समधला एक छोटा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. प्राणिजन्य अन्न जवळजवळ न खाणाऱ्या मुलांना त्यात शैवालं दिली होती. रक्तातला बी-१२ चा आकडा वाढला, पण तांबड्या पेशींचा आकार मात्र बिघडतच राहिला. म्हणजे कागदावर सुधारणा आणि शरीरात उलटं. आईंना मधुमेह असेल आणि त्या मेटफॉर्मिन घेत असतील तर तेही डॉक्टरांना सांगा. त्या औषधानं बी-१२ चं शोषण घटू शकतं.

आता हिमोग्लोबिन. स्पिरुलिनात लोह चांगलं असतं, वाळलेल्या १०० ग्रॅममध्ये साधारण २८ मिलिग्रॅम. पण आई १०० ग्रॅम खाणार नाहीत. अर्ध्या ग्रॅमच्या दोन गोळ्या म्हणजे १ ग्रॅम भुकटी, म्हणजे जेमतेम ०.३ मिलिग्रॅम लोह. आपल्याकडे तरुण स्त्रीसाठी दिवसाची शिफारस २९ मिलिग्रॅमची आहे. आईंच्या वयात ती बरीच कमी असते, तरी दोन गोळ्यांनी त्यातलं काही भरून निघत नाही. प्रथिनांचा हिशेबही असाच. स्पिरुलिनाच्या कोरड्या वजनात ५५ ते ७० टक्के प्रथिनं असतात हे अगदी खरं, पण त्या १ ग्रॅममधून मिळतं ०.६ ग्रॅमच्या आसपास. मूठभर फुटाण्यांतून त्याच्या दसपट मिळतं. डब्यावरचे आकडे वाचताना टक्केवारी बाजूला ठेवून आपण रोज किती ग्रॅम खाणार तेवढ्यानं गुणायचं. हे मी प्रत्येकाला करायला सांगतो.

एवढं नाही-नाही ऐकून तुम्हाला वाटेल की मग या शेवाळात आहे तरी काय. खूप आहे. फक्त शैवालाचं नाव विचारून ते सापडत नाही. कोणतं द्रव्य हवंय ते ठरवायचं, आणि मग ते कोणत्या शैवालात, कसं वाढवल्यावर आणि किती मिळतं ते बघायचं.

आपण ‘शेवाळ’ या एका शब्दात फार वेगवेगळे जीव कोंबतो. स्पिरुलिना, म्हणजे शास्त्रीय नावानं आर्थ्रोस्पायरा, हा खरं तर नीलहरित जिवाणू आहे. त्याला पेशीकेंद्रक नाही. क्लोरेला ही हिरवी एकपेशीय वनस्पती, तिची पेशीभित्तिका इतकी टणक की ती फोडल्याशिवाय आतलं नीट पचत नाही. ड्युनालिएला मिठागरात राहते आणि तिला भित्तिकाच नाही. डीएचए (माशांच्या तेलातलं ओमेगा-३) देणारं शायझोकायट्रियम तर अंधारात, साखरेवर वाढतं, त्याला शैवाल म्हणणं ही व्यवहारातली सोय आहे. गहू आणि आळिंबी यांना एका नावानं हाक मारावी तसं हे झालं.

स्पिरुलिना माणसानं खाल्ल्याचा इतिहास जुना आहे. मेक्सिकोत टेक्सकोको सरोवरावरची अ‍ॅझ्टेक मंडळी पाण्यावरचा हा हिरवा थर गोळा करून वाळवत, त्याला टेकुइटलाट्ल म्हणत. आफ्रिकेत चाड सरोवराजवळच्या कानेम्बू बायका आजही सोडायुक्त तळ्यांतून तो गाळतात, वाळूवर पसरून वड्या पाडतात आणि कालवणात घालतात. तिकडे त्याला दिहे म्हणतात. दोन्ही ठिकाणी पाणी खारं आणि सोड्याचं. असं पाणी आपल्याकडे लोणारला आहे. बुलढाणा जिल्ह्यातल्या त्या उल्काविवराच्या सरोवराचा सामू (पीएच) १० च्या आसपास असतो, आणि तिथून स्पिरुलिना नोंदवलेली आहे. साधा मासा ज्या पाण्यात जगू शकत नाही तिथं ही सुखानं नांदते, आणि म्हणूनच तिला उघड्यावर वाढवता येतं. एवढ्या सोड्यात स्पर्धा करणारे जीव थोडे.

लोणारचं नाव निघालंच आहे तर जून २०२० आठवा. पाणी एकाएकी गुलाबी झालं, लोक थक्क झाले. पहिला तर्क ड्युनालिएलाचा होता. नंतर पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं नमुने तपासले, तेव्हा तो रंग हॅलोआर्किया या क्षारप्रेमी सूक्ष्मजीवांचा ठरला. पाणी आटलं, खारटपणा वाढला आणि त्या जीवांचं फावलं. तर्क चुकला, पण तो वेडगळ नव्हता, कारण ड्युनालिएलाही नेमकं हेच करते. आणि माझ्या विषयाचं मर्म इथंच आहे.

पाणी, ऊन, नत्र सगळं मुबलक असताना हिरवं शैवाल हिरवंच राहतं आणि फक्त वाढतं. नत्र संपलं, मीठ वाढलं, ऊन कडक झालं की त्याची वाढ थांबते. पण प्रकाश पडतच राहतो, आणि न वापरलेली ती ऊर्जा पेशीला आतून जाळू लागते. त्यावर उपाय म्हणून ते तांबडी-केशरी द्रव्यं साठवतं, छत्री उघडावी तसं. ड्युनालिएला सलायना बीटा-कॅरोटीन (शरीर ज्यापासून अ-जीवनसत्त्व बनवतं ते केशरी द्रव्य) साठवते, अनुकूल स्थितीत कोरड्या वजनाच्या १० टक्क्यांपर्यंत. गाजरात याच्या जवळपासही काही नसतं. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या हट लगूनमध्ये याच कामासाठी मैलोगणती उथळ तळी आहेत. हिमॅटोकॉकस नावाचं गोड्या पाण्यातलं शैवाल तर याहून नाट्यमय आहे. चांगल्या दिवसांत हिरवं, शेपट्या हलवत पोहणारं. हाल सुरू झाले की शेपट्या टाकून जाड कवचाचा गोळा होतं आणि आत अ‍ॅस्टाझॅन्थिन हे तांबडं द्रव्य भरून रक्तासारखं लाल होतं, कोरड्या वजनाच्या ३ ते ५ टक्के. मी पहिल्यांदा चंबूत हा बदल होताना पाहिला तेव्हा रात्री तीनदा उठून बघायला गेलो होतो.

सॅमन माशाचं मांस गुलाबी असतं ते याच कुळातल्या रंगानं. ठाण्याच्या खाडीत हिवाळ्यात उतरणारे फ्लेमिंगोही आपला गुलाबी रंग स्वतः तयार करत नाहीत, तो त्यांना शैवालांतून आणि शैवाल खाणाऱ्या बारीक जीवांतून मिळतो.

याचा तुमच्या खरेदीशी संबंध असा: एकच शैवाल दोन ठिकाणी वाढवलं तर त्यातलं द्रव्य दसपटीनं कमी-जास्त असू शकतं. म्हणून ‘हिमॅटोकॉकस भुकटी ५०० मिलिग्रॅम’ या ओळीला काही अर्थ नाही. ‘अ‍ॅस्टाझॅन्थिन ४ मिलिग्रॅम’ असं लिहिलेलं हवं. ड्युनालिएलासाठी बीटा-कॅरोटीनचा आकडा, ओमेगासाठी डीएचए आणि ईपीए या दोन ओमेगा-३ मेदाम्लांचे वेगवेगळे आकडे. ज्या डब्यावर फक्त शैवालाचं वजन आहे तो मी परत ठेवतो.

बीटा-कॅरोटीनबद्दल एक इशारा द्यायलाच हवा. घरात कुणी विडी-सिगारेट ओढत असेल, किंवा वर्षानुवर्षं ओढलेली असेल, तर त्यांना त्याच्या जास्त मात्रेच्या गोळ्या देऊ नका. फिनलंडमध्ये २९ हजारांवर धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर चाचणी झाली, रोज २० मिलिग्रॅम कृत्रिम बीटा-कॅरोटीन दिलं. फुप्फुसाचा कर्करोग कमी होईल अशी आशा होती. १९९४ मध्ये निकाल आला तेव्हा तो १८ टक्क्यांनी जास्त आढळला. अमेरिकेतली तशीच चाचणी १९९६ मध्ये मधेच थांबवावी लागली. भाज्यांतून मिळणाऱ्या कॅरोटीनला हे लागू नाही. शैवालातलं नैसर्गिक म्हणून सुरक्षित, असं समजून हा धोका कुणी पत्करू नये असं माझं ठाम मत आहे.

आता तुमच्या घरासाठी मला सगळ्यात मोलाचं वाटणारं द्रव्य: डीएचए. मेंदूत आणि डोळ्याच्या पडद्यात असणारं हे ओमेगा-३ मेदाम्ल. मासे खा म्हणतात ते यासाठी. पण मासाही ते बहुतांशी स्वतः बनवत नाही. सूक्ष्मशैवालं बनवतात, त्यांना बारीक जीव खातात, त्यांना लहान मासे, आणि तसं ते वर चढत जातं. शाकाहारी घरांत आपण म्हणतो, जवसाची चटणी आहे ना. जवस उत्तमच, रोज खा. पण जवसातलं ओमेगा-३ वेगळ्या जातीचं, लहान साखळीचं. शरीर त्यातला फारच थोडा भाग डीएचएपर्यंत नेतं. शैवालाचं तेल ही मधली माशाची पायरी टाळून थेट उगमावर जातं. क्रिप्थेकोडिनियम कोनी या शैवालाचं तेल २००० नंतरच्या दशकापासून जगभर बाळांच्या दुधाच्या भुकटीत वापरलं जातंय. शायझोकायट्रियमच्या तेलात ३५-४० टक्के डीएचए मिळतं. ते स्टीलच्या बंद टाक्यांत वाढतं, त्यामुळे समुद्रातला पारा त्यात येण्याचा प्रश्न नाही. आईंसाठी शैवालापासूनचं काही घ्यायचंच ठरवलंत तर मी स्पिरुलिनाआधी याचा विचार करीन. मात्र त्या रक्त पातळ करणारं औषध घेत असतील तर डॉक्टरांना विचारून. आणि हे पक्कं लक्षात ठेवा, स्पिरुलिनात डीएचए जवळजवळ नसतं. तिच्यात गॅमा-लिनोलेनिक आम्ल असतं, ते ओमेगा-६. डब्यावर नुसतं ‘ओमेगा’ लिहिलं की दोन्ही एकच वाटतात.

स्पिरुलिनाचं स्वतःचं धन म्हणजे फायकोसायनिन. हे निळं प्रथिन, चांगल्या मालात कोरड्या वजनाच्या १० ते २० टक्के. प्रयोगशाळेत ते ऑक्सिडीकरण रोखतं, दाह कमी करतं. माणसांवर झालेल्या चाचण्या बहुतेक छोट्या आहेत. दिवसाला काही ग्रॅम स्पिरुलिना घेतल्यावर रक्तातली चरबी आणि रक्तदाब यांत माफक घट दिसली. तुर्कस्तानात २००८ मध्ये अ‍ॅलर्जीच्या सर्दीवर रोज २ ग्रॅम देऊन शिंका आणि नाक चोंदणं कमी झाल्याची नोंद आहे. मला हे निष्कर्ष आशादायक वाटतात, पण यावर कुणी आपली कोलेस्टेरॉलची गोळी बंद केली तर मी त्याला थांबवीन. कुपोषित मुलांसाठी मात्र कॅरोटीनचा स्रोत म्हणून स्पिरुलिनाचं काम महत्त्वाचं आहे. चेन्नईच्या मुरुगप्पा चेट्टियार संशोधन केंद्रात सी. व्ही. शेषाद्री यांनी खेड्यातल्या बायकांना हाताळता येईल असं छोट्या टाक्यांचं तंत्र बसवलं आणि तमिळनाडूत मुलांच्या अ-जीवनसत्त्वासाठी ते वापरून पाहिलं. म्हैसूरच्या सीएफटीआरआय या केंद्रीय अन्नतंत्रज्ञान संशोधन संस्थेनंही या क्षेत्रात फार काम केलं. आपल्या देशातली ही परंपरा चांगली आहे, आणि ती औषधाच्या बाटलीपेक्षा अन्नाच्या ताटाजवळची आहे.

फायकोसायनिन उष्णतेला फार नाजूक. साठ अंशांच्या पुढे ते भराभर बिघडतं. म्हणून स्पिरुलिनाची भाकरी, स्पिरुलिनाची बिस्किटं यात रंग आणि प्रथिनं उरतात, निळं धन उरत नाही.

सुरक्षिततेचं दोन परिच्छेदांत सांगतो, पण हलक्यानं घेऊ नका. सगळी नीलहरित जमात स्पिरुलिनासारखी सोज्वळ नाही. तिचे काही भाऊबंद मायक्रोसिस्टिन नावाचं यकृताला घातक विष तयार करतात. उन्हाळ्यात गावतळ्यांवर हिरवा रंग सांडल्यासारखी साय येते, ती अनेकदा त्यांचीच. अमेरिकेत ओरेगॉनमधल्या क्लॅमथ सरोवरातून गोळा केलेल्या एका नीलहरित शैवालाच्या गोळ्यांत हे विष सापडू लागलं, तेव्हा १९९७ मध्ये त्या राज्यानं ग्रॅमला १ मायक्रोग्रॅमची मर्यादा घातली. स्पिरुलिना स्वतः हे विष करत नाही, पण टाकीत दुसरं कुणी शिरलं तर ते तिच्याबरोबरच गाळलं जातं. नैसर्गिक तळ्यातून गोळा केलेलं शैवाल म्हणूनच मी कुणालाही सुचवत नाही.

वाळवण्यातही चुका होतात. १९७७ मध्ये जपानमध्ये क्लोरेलाच्या गोळ्या खाऊन लोकांच्या त्वचेवर उन्हात फोड आले. हरितद्रव्य कुजून तयार झालेल्या फिओफोर्बाइडमुळे ते झालं होतं. शिवाय शिसं, कॅडमियम, आर्सेनिक हे जड धातू शैवालं आनंदानं शोषून घेतात. तेव्हा विक्रेत्याकडे त्या खेपेचा तपासणी अहवाल मागा: जड धातू, मायक्रोसिस्टिन, जिवाणूसंख्या. आत्मप्रतिकाराचे (ऑटोइम्यून) आजार असणाऱ्यांनी, अवयव-प्रत्यारोपणानंतर औषधं घेणाऱ्यांनी आणि फिनाइलकीटोन्यूरिया (प्रथिनांतलं फिनाइलअ‍ॅलॅनिन शरीराला न पेलणारा जन्मजात आजार) असलेल्यांनी स्पिरुलिना डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

आता भाऊ. त्यांना माझा विरोध नाही, पण घाई करू देऊ नका. झारूक माध्यम म्हणून जी मूळ पाककृती आहे तिच्यात लिटरला १६.८ ग्रॅम खायचा सोडा लागतो. १०० चौरस मीटरची टाकी, २० सेंटिमीटर पाणी, म्हणजे २० हजार लिटर. सुरुवातीलाच ३३६ किलो सोडा झाला. व्यवहारात तो थोडा कमी वापरून भागवतात, पण खर्चाचा अंदाज यावरून यावा. उत्पादन चांगल्या दिवसांत चौरस मीटरला रोज ५ ते ८ ग्रॅम कोरडं. जाहिरातीत जे आकडे सांगतात ते वर्षभर कधी मिळत नाहीत, कारण आपल्याकडे जून ते सप्टेंबर ढग असतात, आणि उघड्या टाकीत पावसाचं पाणी शिरलं की सामू उतरतो आणि क्लोरेला, रोटिफर नावाचे शैवाल खाणारे सूक्ष्म प्राणी, डासांच्या अळ्या असे सगळे पाहुणे येतात. साताऱ्याच्या पश्चिमेकडे पाऊस किती ते तुम्ही जाणताच. प्लास्टिकचं छप्पर लागणारच.

पाणी बोअरचं असेल तर आधी त्याचा जडपणा तपासा. सोड्यात कॅल्शियम पडलं की टाकीत पांढरा साका बसतो, फॉस्फरसही त्याच्यात अडकतो. आणि पिकाला घालायची खतं टाकीत घालायची नाहीत. त्यातल्या फॉस्फेटबरोबर कॅडमियम येऊ शकतं, आणि ते थेट माणसाच्या पोटात जाणार. काढणी पहाटे करावी. तीस-पन्नास मायक्रॉनच्या कापडातून गाळायचं, गोड्या पाण्यानं सोडा धुऊन काढायचा, दाबायचं, मग सोऱ्यातून शेवेसारखं पाडून जाळीवर पसरायचं आणि साठ अंशांच्या आत वाळवायचं. शेव जितकी बारीक तितकी लवकर वाळते, आणि ती लवकर वाळली तरच वास चांगला राहतो.

सगळ्यात मोठी अडचण विक्रीची आहे. ‘आम्हीच माल परत घेऊ’ अशा करारावर टाक्या बांधलेली तीन कुटुंबं मी जवळून पाहिली आहेत. पहिल्या दोन खेपा उचलल्या गेल्या, नंतर दर्जाचं कारण देऊन फोन उचलणं बंद झालं. एकांच्या अंगणात अजून वाळलेल्या शेवेची पोती आहेत. भावाला सांगा, आधी १० चौरस मीटरची एक टाकी एक पूर्ण वर्ष चालवा, पावसाळ्यासकट. त्या काळात स्वतःचे गिऱ्हाईक शोधा. कर्ज काढायचं की नाही ते त्या वर्षाच्या हिशेबाच्या वहीतले आकडे बघून ठरवा.

घरात आलेला डबा फेकू नका. एका काचेच्या पेल्यात थंड पाणी घ्या, गोळी चुरून टाका, न ढवळता रात्रभर अंधारात ठेवा. भुकटी खाली बसते आणि चांगल्या मालातून वरचं पाणी निळं होतं. सकाळी पेला उन्हात धरून बाजूनं बघा, त्या निळ्यात लालसर झाक दिसली तर ते फायकोसायनिनच. पाणी मळकट हिरवं किंवा पिवळट राहिलं, किंवा शिळ्या मासळीसारखा उग्र वास आला, तर माल जास्त तापलेला किंवा जुना आहे, तो देऊ नका. चांगला निघाला तर आई आवडीनं घेत असतील तेवढा, दिवसाला ग्रॅमभर, थंड ताकात घालून द्या. बी-१२ चं इंजेक्शन घेऊन आल्यावर.